जोडशिखरं

सकाळच्या शांततेत बादलीच्या तळाशी तिच्या हाताला काहीतरी खरखरलं. नवऱ्याच्या भिजवलेल्या शर्टातली दगडाची भुकटी साचली होती. स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगड कापायचा तो. "अगं, धूळच ती! तुझे आकाशातून पडलेले दगड काय न्हाऊनमाखून येतात?" तो हसला आणि खोकत खाली बसला. तिनं चिमूटभर गाळ प्रयोगशाळेत नेला. उल्कापाषाणांवर अवरक्त प्रकाश टाकून त्यातली खनिजं ओळखणं हे तिचं काम. उल्कांमध्ये क्वचितच दिसणारी जोडशिखरं, एकमेकांना खेटलेली दोन टोकं, आज आलेखावर ठळक उमटली, गारगोटीची. तिची धूळ छातीत रुतली की निघत नाही. संध्याकाळी लेकीनं आईच्या पिशवीतून आलेख काढला. रोज नवा आलेख पाहिला की ती विचारायची, "दगड कुठं ठेवलास?" आणि आई सांगायची, "कपाटात, कुलूप लावून." आतल्या खोलीत खोकल्याची उबळ थांबत नव्हती. जोडशिखरांवरून बोट फिरवत लेक म्हणाली, "आई, आजचा दगड कुठं आहे गं?"