बिनआवाजाची गाडी

"केदारीअण्णा, धारवाडपासून पहिल्या गिअरवरच आलोय. दुसरा पडंनाच. बघा की लवकर!"

सिद्रामने आपली अँबॅसडर टॅक्सी हुबळीच्या वाटेवर नवलूरला, केदारीच्या गॅरेजमधल्या खड्ड्यावर आणून उभी केली. मागच्या सीटवर त्याची बायको लक्कव्वा पालथी मूठ दातांत धरून पडली होती. मूल आडवं आलेलं. ऑपरेशनला हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं धारवाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि आज नेमका बंद पुकारलेला. बस नाही, टेंपो नाही, रस्त्यावर दुसरं चाक नाही.

केदारी खड्ड्यात उतरला. गिअर ऑइल बदललं की सुटेल, असा त्याचा अंदाज होता. त्याने गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढला, घमेलं धरलं. तेल आलंच नाही. भोकात तार घालून हलवली, तेव्हा काळा लगदा पडला. त्याने तो चिमटीत चोळला.

लाकडाचा भुसा. अळणावरच्या लाकूड वखारीतून आणलेला, सागवानी, पिठाच्या चाळणीतून चाळलेला. झिजलेल्या गिअरबॉक्सची घरघर दाबायला विकायच्या गाडीत असा भुसा घालायचे. बाकीचे मेकॅनिक जाडाभरडा घालत; इतका बारीक फक्त केदारीचा. आठ महिन्यांपूर्वी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या जुन्या गाड्यांच्या एका दलालासाठी त्याने घातला होता. दोनच दिवसांनी सिद्राम तीच गाडी घेऊन त्याच्याकडे आला, घेऊ का म्हणून विचारायला. केदारीने कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "घे. लोणी आहे लोणी."

टॅक्सीवाला सहा महिन्यांत गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, हाही मारेल, असं त्याने गृहीत धरलं होतं. सिद्रामने ती जिवापाड जपली.

"काय झालंय, अण्णा?"

"घाण आहे आत. धुवायला पाहिजे."

"घाण कुठनं आली? तुमच्याशिवाय कुणाला बोनेटसुद्धा उघडू दिलं नाही मी."

केदारीने वर न बघता रॉकेलचा डबा ओढला. त्याने रॉकेलने गिअरबॉक्स धुतला. पुन्हा धुतला. तिसऱ्यांदाही भुसा येतच होता. सिद्राम खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून "झालं का? झालं का?" करत होता. मघापासून कण्हणारी लक्कव्वा आता गप्प झाली होती, आणि ते जास्त वाईट होतं. केदारीने बोल्ट आवळला, वर येऊन नवं तेल फडक्यातून गाळत आत ओतलं.

दुसरा गिअर पडला. गाडी रस्त्याला लागली आणि गिअरबॉक्स असा भोकाड पसरून रडायला लागला की सिद्राम दचकला.

"अण्णा, हा आवाज कसला? असा कधीच नव्हता!"

"गाडीचा मूळचाच आहे," केदारी ओरडला. "थांबू नकोस. जा!"

गाडी वळणाआड गेली तरी सुनसान रस्त्यावर तो आवाज ऐकू येत राहिला. केदारी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ऐकत होता. या खेपेला खरोखर कान लावून. आवाज येतोय तोवर गाडी चालतेय. चढावर तो चिरका झाला, मग बारीक झाला.

मग ऐकू येईना. गाडी लांब गेली की बंद पडली, काही कळेना.

तेलकट हातांनी केदारी हुबळीच्या दिशेने पळत सुटला.