खाला वर्दियाची साक्ष

साडेआठ वाजता सरकारने नेट बंद केलं, तेव्हा रतीबाचा तारा अजून जिवंत होता.

बारावीच्या पोरांनी कॉप्या करू नयेत म्हणून जूनमध्ये अख्ख्या अल्जेरियाचं नेट तासन् तास बंद असतं. एरवी त्याने कुणाचं काही अडत नाही. पण त्या दिवशी पहाटे पाच वाजता आकाशाच्या एका कोपऱ्यात गॅमा किरणांचा स्फोट झाला होता. आपला सूर्य जन्मभर जेवढं जळेल तेवढं त्याने वीस सेकंदांत उधळून टाकलं. आता मागे उरला होता नुसता क्ष-किरणांचा उजेड. आणि त्या उजेडाला इंधन कोण पुरवतं, याच विषयावर नऊ वाजता रतीबाची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा होती.

सात वर्षं ती एकच सांगत होती. स्फोटानंतर तिथे एक नवा तारा उरतो. शहराएवढा लहान, भोवऱ्यासारखा गरगरणारा, जगातल्या सगळ्या चुंबकांचा बाप. त्याच्या फिरण्यावर तो उजेड चालतो, म्हणून काही तास एका पातळीवर टिकतो. मग फिरणं मंदावतं, ताऱ्याला स्वतःचं वजन पेलवत नाही, तो कोसळून कृष्णविवर होतो आणि उजेड कड्यावरून ढकलल्यासारखा पडतो.

बाहेरचे परीक्षक उस्ताद बूझियान वहरानहून आले होते. त्यांच्या मते तारा वगैरे काही नसतं. पहिल्या क्षणापासून कृष्णविवरच असतं, आणि उजेड घरंदाज माणसासारखा हळूहळू मावळतो.

"साडेआठपर्यंत आलेखातली उजेडाची रेष सपाट होती," रतीबा म्हणाली. "माझ्या गणिताने ती नऊला पडायला हवी."

"मग पडली का?"

"नेट नाही, उस्ताद."

"म्हणजे मी सही कशावर करू? बकलाव्यावर?"

बकलावा होता. निकालाची मिठाई म्हणून बाहेर व्हरांड्यात तीन टेबलं भरून होता. रतीबाची आई दाराला कान लावून उभी होती. निकाल लागला की आनंदाची पहिली आरोळी आपलीच, असं तिने दोन्ही नणंदांना बजावून ठेवलं होतं.

नेट एक वाजता येणार होतं. उस्तादांची गाडी साडेबाराची होती. पुढची तारीख ऑक्टोबरची. आणि विद्यापीठातली जी एकुलती एक जागा रतीबासाठी राखून ठेवली होती, ती महिनाअखेर दुसऱ्या कुठल्यातरी डॉक्टरला मिळणार होती.

रतीबा फळ्यापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली, परत गेली. हातातल्या मार्करचं टोपण ती काढत होती, लावत होती. तिचे मार्गदर्शक सी अमोकरान कुणी न सांगता आत आलेली मिठाईची दुसरी बशी संपवत होते. काळजी लागली की त्यांना भूक लागते.

"फोन चालू आहेत!" ती एकदम थांबली. "फ्रान्समध्ये नेट आहे. मार्सेयला माझी खाला आहे. वर्दिया खाला."

"खगोलशास्त्रात आहे?" बूझियानांनी विचारलं.

"केस कापते."

फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. आलेख जिथे दिसतो त्या वेबपानाचा पत्ता एकेक अक्षर करून सांगण्यात अकरा मिनिटं गेली. खाला दोनदा स्कूटर विकणाऱ्यांच्या पानावर पोचली. मग मार्सेयहून आरोळी आली, "आलं गं आलं! लाल फुल्या फुल्या आहेत. भरतकाम केल्यासारख्या."

रतीबा तोंड उघडणार, तोच बूझियानांनी फोनवर तळवा ठेवला.

"बिन्ती, पोरी, मलाही खाला होत्या," ते हळूच म्हणाले. "तुला हवं असेल तेच ती सांगणार. असली साक्ष मी लिहून घेऊ?"

याच खालाने रतीबा शाळेत असताना तिला तीनदा विषमज्वर झाल्याचं शाळेला खोटंच कळवलं होतं. याच खालाने बघायला आलेल्या मंडळींना ती उत्तम स्वयंपाक करते असं सांगितलं होतं.

तिने उस्तादांचा हात बाजूला सारला आणि फोनवर वाकली.

"खाला, नीट ऐक. त्या फुल्या उजवीकडे जाता जाता एकदम खाली पडल्या असतील, तर मी नापास. सात वर्षं पाण्यात. आणि सरळ चालल्या असतील तर मी डॉक्टर. आता सांग." आणि तिने फोनवर तळवा दाबला.

"अगं, उलटं सांगतेस!" सी अमोकरानांना ठसका लागला.

बूझियानांनी मात्र चष्मा काढला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "आता पडल्या म्हणाली, तर मी सही करतो," ते म्हणाले.

रतीबाने तळवा उचलला. फोनमधून आधी केस वाळवायच्या यंत्राचा आवाज आला.

"सरळ!" खाला ओरडली. "पट्टीने आखल्यासारख्या सरळ! मबरूक गं, डॉक्टर!"

व्हरांड्यात आईने ते ऐकलं आणि जीभ नाचवत अशी आरोळी ठोकली, की खिडकीची तावदानं थरथरली. नणंदा मागून सुरू झाल्या. टाळ्या पडल्या. आत रतीबा खुर्चीवर बसली. सी अमोकरानांनी बशी खाली ठेवली.

बूझियानांनी पेनाला टोपण लावलं आणि प्रबंध अलगद तिच्याकडे सरकवला. "ऑक्टोबरमध्ये हवा बरी असते," ते म्हणाले.

फोन बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मार्सेयमध्ये केस रंगवायला बसलेल्या कुठल्यातरी बाईचा आवाज आला, "पण वर्दिया, या फुल्या तर धाडकन खाली गेल्यात की! ही बघ ना, इथे—"

"तोंड मिट गं!" खाला दबक्या आवाजात खेकसली. "ऐकलं कुणी, तर पोर नापास होईल माझी!"