काठावरचं बदक

नाणं टाकून खेळणं उचलायच्या मशीनच्या पंज्यानं पिवळं बदक पकडलं, जरासं उचललं आणि पुन्हा सोडून दिलं. "बाबा, तू सांगितलंस तसंच केलं ना मी?" लेक रडवेली झाली. बाजूच्या काचेतून नेम धरायचा, बाहेर पडायच्या भोकाजवळचंच खेळणं निवडायचं, हे त्यानंच तर शिकवलं होतं. ही मशीनं खेळण्यांनी भरायची नोकरीच त्याची. आज तिचा वाढदिवस, म्हणून सकाळी त्यानं बदक मुद्दाम भोकाच्या काठावर ठेवलं, आणि मेल्या हातानं सवयीनं त्याचे पाय शेजारच्या अस्वलाखाली घट्ट खुपसले! आत्ता आठवलं त्याला. शेवटचं नाणंही फुकट गेलं. तिनं त्याचा हात धरला. तेवढ्यात मशीनच्या मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाहिलंस, बाळ? एक खेळणं हलेल तर शपथ! मशीन भरावं तर तुझ्या बाबानंच!" लेकीनं बदकाकडे पाहिलं, मग बाबाकडे, आणि हळूच आपला हात सोडवून घेतला.