आवाजाचं पॅकेज

“बिल्ड झाला पास,” ताई म्हणाली. कुणी मान वर केली नाही.

श्वासाची मशीनं बनवणाऱ्या त्या कंपनीत सगळेच तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेही. मशीनच्या पोटात चालणारं सॉफ्टवेअर शेकडो लहान पॅकेजेस जुळवून बांधायचं, हे तिचं काम. त्यातलं आवाजाचं, म्हणजे अलार्म वाजवणारं, पॅकेज ती दोन व्हर्जनमध्ये सांभाळत होती. नवं व्हर्जन जुन्या मॉडेलची चिप ओळखत नव्हतं आणि नव्या मॉडेलचं जुन्यावर भागत नव्हतं. टीममधली पोरं जुन्याला सासू आणि नव्याला सून म्हणायची. भलत्याच टोकाला कुणी एखादं पॅकेज बदललं, की सासूबाई रुसायच्या आणि अख्खा बिल्ड, म्हणजे ही सगळी जुळणीच, बंद पडायचा. मग ताई ठिगळ लावायची. ठिगळावर ठिगळ.

या वेळचं ठिगळ वेगळं होतं. लाइट जाऊन मशीन बॅटरीवर आलं आणि बॅटरी उतरत आली, की अलार्म वाजायला हवा. तो कधीकधी वाजतच नाही, असं आढळलं होतं. नव्या व्हर्जनमध्ये ही चूक दुरुस्त झाली होती. तीच दुरुस्ती ताईने ओळ न् ओळ जुन्यात बसवली होती. आज पहिल्यांदा बिल्ड पुरा झाला.

लॅपटॉप उघडा तसाच उचलून ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे तिच्याच हाताखाली शिकलेला मुलगा. दार बंद असलं की ती त्याला अरे-तुरे करायची.

“जुन्याचं झालं. टेस्टिंगला लाव.”

“कशावर लावू, ताई?”

“लॅबमध्ये जुनं मशीन आहे ना, खिडकीपाशी.”

“होतं. जागा हवी होती म्हणून कुणीतरी भंगारात काढलं. मलाही काल कळलं.”

“मग दुसरं मागव.”

“कुठून? बनवणं कधीच बंद झालंय. जी आहेत ती लोकांच्या घरात आहेत. माणसांना लावलेली.”

ताई खुर्चीत बसली.

“तसंच पाठवू या,” ती म्हणाली. “मी सगळं तपासलंय रे. पुन्हा पुन्हा.”

“वाचून तपासलंय. चालवून नाही.” तो टेबलाकडे बघत बोलत होता. “चालवून बघितल्याशिवाय श्वासाच्या मशीनमध्ये काही घालायचं नाही, हे मला कुणी शिकवलं?”

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला भांडता आलं असतं.

“जुनं मॉडेल असलेल्या लोकांना अलार्मबद्दल सूचना गेली आहे,” तो म्हणाला. “आता जुनं व्हर्जन काढून टाका. वरून निरोप आहे. आणि त्या एकापायी सगळ्यांचं काम अडतं, हेही खोटं नाही, ताई.”

ती जागेवर आली. जुन्या व्हर्जनचं फोल्डर, त्यातली ठिगळं, ज्या ज्या पॅकेजमध्ये त्याचं नाव होतं तिथल्या ओळी, सगळं तिने काढलं. मग बिल्ड लावला. एरवी जेवून आलं तरी तो चालूच असायचा. आज चहा निवायच्या आत संपला.

“सासू गेली रे!” पलीकडून कुणीतरी ओरडलं. “ताई, सुटलात. पार्टी पाहिजे.”

ताई सवयीने हसली.

तेवढ्यात ग्राहक विभागातली मुलगी फोनवर हात दाबून धरत तिच्याकडे आली. “ताई, एक काका आहेत. जुनं मॉडेल आहे, त्यांच्या मुलाला लावलेलं. ते मॉडेल आता बंद झालं म्हणून किती सांगितलं, पण ठेवतच नाहीत. एकच विचारायचंय म्हणतात.”

ताईने फोन घेतला.

“बाई, तुमची सूचना मिळाली,” आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, नीट, सावकाश. “‘अलार्म वाजेलच असं नाही.’ म्हणजे नेमकं काय समजायचं?”

“बॅटरी संपत आली की तो वाजायला हवा, काका. कधीकधी वाजत नाही.”

“कधीकधी म्हणजे कधी?”

“ते सांगता येत नाही.”

“दुरुस्त होईल ना?”

आजूबाजूला खुर्च्या सरकत होत्या, सगळे जेवायला निघाले होते. ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नाही,” ती म्हणाली.

“बरं. मग आम्ही काय करायचं?”

“रात्री लाइट गेली, तर कुणीतरी जागं राहा त्याच्याजवळ.”

“पण झोपेत लाइट गेलेली कळणार कशी, बाई?”

काका चिडले नाहीत. ते थांबले होते. त्यांच्यामागे मशीन चालू होतं. हवा आत जात होती, बाहेर येत होती. तो आवाज ताईच्या ओळखीचा होता.

“ठीक आहे,” काका म्हणाले. “खरं सांगितलंत, बरं झालं.” मग त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला असावा. “अगं, ऐकलंस का? आजपासून पुन्हा रात्री जागायच्या पाळ्या लावायच्या. पहिला मी बसतो.”

“कधीपर्यंत?” लांबून बाईचा आवाज आला.

तो प्रश्न काकांनी ताईला विचारला नाही. त्यांनी हळूच फोन ठेवला.