मेमरी की खुर्ची

"बसायलाच लागते ना खुर्ची? मग आहे की ही," दीर म्हणाला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर थाप मारली. खुर्चीचा एक पाय आधीच फाकलेला. ती कुरकुरली.

घरच्या छपाईच्या दुकानात बॅनर, पाट्या, कार्डं, सगळ्याची डिझाइनं वहिनीच करायची. दिवसभर याच खुर्चीत. पाठीचा पार भुगा झालेला. आणि या वेळी दुकानात एकच नवी वस्तू येणार होती. एक तर तिला पाठ टेकायला धड खुर्ची, नाही तर कॉम्प्युटरला नवी मेमरी. नवी मेमरी म्हणजे नुसती पट्टी नाही. ती जुन्या मदरबोर्डात बसतच नाही. म्हणजे मदरबोर्ड नवा, प्रोसेसर नवा. खुर्ची गेली उडत.

"भाऊजी, जुन्याच जातीची अजून एक पट्टी टाका ना. भागेल की."

"भागेल काय, वहिनी! नवीचा स्पीड बघ तू. जुनी म्हणजे बैलगाडी गं."

मागच्या खोलीत वहिनीचा नवरा छपाईचं मशीन चालवत होता. तो तिथूनच ओरडला, "अगं, रोज हँग होतं ते! गिऱ्हाइकं मला ऐकवतात!"

"मी एकटी असते तेव्हा तर मस्त चालतं," वहिनी बोलून गेली. आणि तिनं जीभ चावली.

दिरानं टाळीच वाजवली. "बघ! म्हणजे लोड आला की बसतं. म्हणजे मेमरीच!" त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. निदान त्याचं तरी तसं मत आहे.

त्यानं ओळखीच्या दुकानातून एक डबा आणला होता. आत नवी मेमरी, नवं सगळं. आज दिवसभर चालवून बघायचं आणि पटलं की ठेवून घ्यायचं. त्यानं वायरी लावल्या, वहिनीच्या फाइली त्यात घातल्या. तेवढ्यात शिकवणीवाले सर आले.

सरांना नवीन क्लासचा बॅनर हवा होता. सर म्हणजे डोक्यात जाणारा माणूस. आले की वहिनीच्या मागे स्टूल ओढून बसायचे आणि मानेवर श्वास सोडत सांगायचे, हे इकडे घ्या, ते तिकडे घ्या.

वहिनीनं पहिलं डिझाइन दाखवलं.

"छान," सर म्हणाले. "फक्त निळा जरा अजून निळा करा. पण भडक नको."

केलं. सरांचं तोंड मिटायच्या आत झालं. म्हणून सरांनी ते मिटलंच नाही.

"अरे वा! मग माझा फोटो मोठा करा."

केला.

"अजून."

"सर, अजून केला तर क्लासचं नाव बाहेर जाईल."

"नाव बारीक करा ना."

दीर शेजारी छाती काढून उभा. "बघितलंत सर? सगळं जागच्या जागी." सरांनी बघितलं. मग हिरवा बघितला. मग जांभळा. मग फोटो डावीकडे, फोटो उजवीकडे, फोटो चष्म्याशिवाय. मग फोन करून बायकोला बोलावलं. बाईंना चष्मा हवा होता पण मिशी नको होती. मिशीही गेली, डोळ्याचं पातं लवायच्या आत. सर हळहळले, मग मिशी परत आली.

दीर आधी भिंतीला टेकला. मग कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. मग त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. वहिनीचा एक हात माउसवर, दुसरा कमरेत रुतवलेला.

"आता एकदा पिवळ्यात बघू," सर म्हणाले. "म्हणजे मनात राहायला नको."

वहिनीनं माउस सोडला. दोन्ही हात मांडीवर ठेवले. लांब सुस्कारा टाकला.

"गेलं. हँग झालं."

"अरेरे," सर म्हणाले आणि सवयीनं उठले सुद्धा. "तुमच्याकडे नेहमीचंच आहे हे. असू दे, पहिलं होतं तेच छापा. छान होतं ते."

"शक्यच नाही!" दीर गठ्ठ्यावरून उडाला. "नवी मेमरी आहे! हँग होईलच कशी?" त्यानं माउस हिसकावला. स्क्रीनवर बाण इकडून तिकडे सुसाट पळाला. त्यानं एक बटण दाबलं. बॅनर पिवळाधमक झाला.

"चालू झालं की!" सर परत बसले. बाईंनीही पर्स खाली ठेवली. "हां, आता अक्षरं जरा तिरकी करा."

वहिनीनं दिराकडे बघितलं. नुसतं बघितलं.

दीर बाणाकडे बघत राहिला. मग सरांकडे. मग बाईंच्या पर्सकडे. रोज हँग होणारं मशीन. एकटी असताना कधीच न होणारं. लोड आला की बसणारं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. लोड स्टुलावर बसला होता आणि मिशी कुरवाळत होता.

वहिनीनं पहिलं डिझाइन सेव्ह केलेलं होतं, तेवढं दिरानं स्क्रीनवर वाचून घेतलं. मग टेबलाखाली पाय सरकवला आणि अंगठ्यानं खटका दाबला. स्क्रीन काळी ठिक्कर.

"गेलं, सर," तो मयताला आल्यासारखा चेहरा करून म्हणाला. "आता नाही उठायचं."

"तरी मी म्हणतच होतो," सर म्हणाले. "पहिलंच छापा मग."

दोघं गेले. दीर मुकाट्यानं वायरी काढायला लागला. वहिनी उभी राहून कमर दाबत होती. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. "काय रे, काय ठरलं?" नवरा ओरडला. "घ्यायची ना नवी मेमरी?"

"नको रे दादा!" दीर डबा बंद करत ओरडला. "नवी पण हँग होते. वहिनीला खुर्ची घे."