बंदुकीच्या कपाटाची किल्ली

"किल्ली कुठं असते, ते तुमच्या नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?" पोलिसांकडून आलेल्या प्रॉसरनं कागदावरून नजर न काढता विचारलं.

"कुणाला नाही," नेस्टा म्हणाली.

वेल्सच्या या डोंगरात दर पाच वर्षांनी असा माणूस घरी येतो, चहा पितो, बंदुका तपासतो आणि हे विचारतो. कायद्यानं ती जागा बायकोलाही कळता कामा नये. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची लपवायची जागा सापडली नाही, अशी बायको कायदा करणाऱ्यांना कुठं भेटली, देव जाणे.

नेस्टाचा उजवा हात एप्रनच्या खिशात होता आणि मुठीत तीच किल्ली होती. रविवारी तिचा नवरा इडवल चॅपेलला गेला, तेव्हा तिनं माळ्यावर चढून सासऱ्याच्या जुन्या बुटातून ती काढून घेतली होती. त्याआधी शुक्रवारी सरकारी गाड्या आल्या आणि क्षय निघाला म्हणून त्यांच्या सगळ्या गाई मारायला घेऊन गेल्या. तेव्हापासून इडवल रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा, एवढंच. तो नजरेआड झाला की नेस्टा हातातलं काम टाकून त्याला शोधायला निघायची.

आत्ता तो किल्ली आणायला माळ्यावर गेला होता. वरच्या फळ्या करकरल्या, मग थांबल्या. किल्ली आपण का काढली, ते सांगावं तर बंदुकीचा परवाना गेलाच, खोऱ्यात बोभाटा होणार आणि इडवल जन्मात आपलं तोंड बघणार नाही. न सांगावं तर किल्ली गुपचूप जागेवर ठेवावी लागणार आणि ती पुन्हा त्याच्या हातात जाणार.

"कपाट नवं घेतलंत, बरं केलंत," प्रॉसर म्हणाला. "पोलादी, दोन कुलुपांचं. चोराच्या बापाला उघडायचं नाही."

"चोराचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली.

इडवल खाली आला. हात रिकामेच होते. आता हा आपल्याकडे बघणार, या भीतीनं नेस्टानं मान खाली घातली. पण तो न बघताच खुर्चीत बसला.

"किल्ली जागेवर नाही."

प्रॉसरचं पेन थांबलं. "कधीपासून?"

"मला सोमवारी पहाटे कळलं."

नेस्टाला ती पहाट आठवली. सोमवारी तिला जाग आली, तेव्हा तो शेजारीच होता आणि त्याचे पाय बर्फासारखे गार लागले होते. गोठ्यात चक्कर मारून आलो, असं म्हणाला होता.

"गोठा तर रिकामा," प्रॉसर हळू आवाजात म्हणाला. "मग पहाटे बंदूक कशाला हवी होती, इडवल?"

इडवलनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"किल्ली सापडली ना," तो म्हणाला, "तरी मला देऊ नका."

नेस्टानं खिशातून हात बाहेर काढला. मूठ इतकी आवळली गेली होती, की प्रॉसरला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.