जाळ्यात काय आलं

माझी नात बालवर्गाची बाई. समुद्रातल्या कचऱ्याचा धडा होता, म्हणून मला, म्हाताऱ्या मच्छीमाराला, वर्गात घेऊन गेली. दारातच दटावलंन, “आजोबा, आज एकही थाप नको. पोरांना सगळं खरं वाटतं.”

मी आपलं निमूटपणे घडलं तेच सांगितलं, “जाळं ओढलं, तर मासे चार आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या पोतंभर!”

“थापाड्या आजोबा!” अख्खा वर्ग ओरडला. दुधाचे दात पडलेली एक चिमुरडी उठून म्हणाली, “बाटल्या वेगळ्या पिंपात टाकतात, मग त्या वितळवून नवं काहीतरी करतात. समुद्रात कोण टाकेल?”

“मोठी माणसं,” नात हळूच म्हणाली.

“मग त्यांना तुमच्या वर्गात बसवा ना, बाई!”

माझी छाती अशी फुगली, की सदऱ्याची तीन बटणं उडून थेट फळ्यावर आदळली.